अट गळालेले पत्र

माझ्या पत्रांना कात्री लावण्याचा अधिकार मी आयुष्यात एकाच माणसाला दिला, आणि तोही तोंडी दिला. लेखी दिला असता तर त्याला शर्ती घालता आल्या असत्या, मुदत ठरवता आली असती, आणि आज माझ्या टेबलावर जो कागद पडून आहे तो वैध की अवैध, एवढा तरी निर्णय मला करता आला असता. मी न्यायालयाच्या नक्कल विभागात पूर्ण सेवा केलेला माणूस आहे. 'अस्सल बरहुकूम खरी नक्कल' हा शिक्का मी इतक्या वेळा मारला की तळहाताला त्याचा घट्टा पडला. मूळ दस्तात एक काना चुकून राहिला असेल तर तो नकलेतही राहूनच गेला पाहिजे, या तत्त्वावर माझी सारी हयात गेली. अशा माणसाची आणि खिशात कात्री घेऊन हिंडणाऱ्या माणसाची गट्टी कशी जमली, हे मला तेव्हाही उमगले नव्हते आणि आजही उमगत नाही.

त्यांना सगळे सर म्हणत. मीही तेच म्हणतो. मूळचे गुंजवण्याचे. वेल्ह्याकडच्या एका शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झाले आणि वरव्याला घर बांधून राहिले. मी निवृत्तीनंतर कामथडीला आलो. आमची पहिली भेट नसरापूरला टपालाच्या रांगेत झाली. गावातला रस्त्यावरचा दिवा दिवसा जळतो आणि अंधार पडला की विझतो, याविषयी मी संबंधित खात्याला नऊ पानी पत्र लिहिले होते व पाकिटाच्या वजनावरून खिडकीशी माझा वाद चालू होता. मागून आवाज आला, "कमी करून देऊ का?" मी वळून पाहिले. सदऱ्याच्या खिशाला पेन अडकवावे तशी मिशा कातरायची बारकी कात्री अडकवलेला एक कृश गृहस्थ हसत उभा होता. मी रागाने पाकीट त्यांच्या हातात दिले. त्यांनी बाकावर बसून पत्राच्या पट्ट्या कापल्या, पिशवीतून मलमाची जुनी बाटली काढली, तिच्यातली गव्हाच्या पिठाची खळ बोटाने लावली आणि तीन ओळींचे पत्र माझ्या हातात ठेवले. अक्षर माझेच, वाक्ये माझीच; फक्त राज्यघटना, रोमन कायदा आणि खात्याच्या नैतिक अधःपतनावरची जवळजवळ नऊ पाने गायब होती.

"कामाचं एवढंच होतं," ते म्हणाले.

मी ते पत्र सुवाच्य उतरवून काढून पाठवले. आठ दिवसांत दिवा सुधारला. माझ्या नऊ-नऊ पानी पत्रांना त्यापूर्वी कधी उत्तर आलेले नव्हते, या गोष्टीचा मला जितका राग आला तितका दिवा बिघडल्याचाही आला नव्हता.

"कामाचं किती?" हा त्यांचा प्रश्न प्रत्येक कागदाला असे. लग्नपत्रिका आली की आशीर्वाद देणारे, वाट पाहणारे, व्यवस्था पाहणारे, लाडिक आग्रह करणारी चिल्लीपिल्ली, सगळे कात्रीखाली जात आणि वधू-वर, गाव, वेळ एवढी पट्टी खुंटीला लटके. एकदा त्यांनी घाईत लग्नाच्या वेळेऐवजी हळदीची वेळ ठेवली आणि आम्ही दोघे आदल्या दिवशीच मांडवात जाऊन बसलो. वहिनी, म्हणजे त्यांच्या पत्नी, म्हणाल्या होत्या, "ह्यांच्या कात्रीला डोळं न्हाईत. कवातरी घात करंल ही."

निवृत्तीनंतर बऱ्याच वर्षांनी, एका पावसाळ्यात, सर सकाळीच माझ्याकडे आले. चेहरा उतरलेला. "भाऊसाहेब, मी सगळी नोकरी पोरांना चूक शिकवत आलो. एक जनुक, एक प्रथिन, असं सांगत आलो. तसं नसतं. एकाच जनुकाच्या नकलेचे तुकडे निरनिराळे जोडले जातात आणि एकातून कितीतरी प्रथिनं निघतात. शोध लागून जमाना झाला. मला आत्ता कळलं."

"मग?"

"शुद्धिपत्र काढायला नको?"

माझ्या मनात त्या माणसाविषयी खरा आदर उत्पन्न झाला तो त्या क्षणी. चूक झाली, ती कळली, शुद्धिपत्र काढले. शासन याहून वेगळे काय असावे? आम्ही त्यांच्या स्कूटरवरून गावोगाव हिंडलो. गुंजवण्यात त्यांचा एक जुना विद्यार्थी गुडघाभर चिखलात भाताची लावणी करत होता. सर बांधावर उभे राहून ओरडले, "दहावीला तुला एक चूक शिकवली होती रे! एका जनुकातून एकच प्रथिन, हे खोटं आहे!"

तो कमरेवर हात ठेवून सरळ उभा राहिला. "सर, म्या त्या पेपराला न्हवतोच. गालफुगी झाली व्हती."

"तुझी चूक नाही. माझी आहे."

"मंग आता मार्क वाढत्यात का?" त्याने विचारले आणि लावणीवरच्या बाया खदाखदा हसल्या. "ह्येच्यापायी पावसात येवढ्या लांब आला व्हय? बसा, च्या तरी घ्या."

असे सतरा विद्यार्थी सरांनी गाठले. त्या दिवसांपासून त्यांच्यात एक बदल झाला. कापून काढलेल्या पट्ट्या ते टाकीनासे झाले. प्रत्येक पत्राच्या गळालेल्या तुकड्यांचे एक पाकीट ते पत्राला टाचून ठेवत. "टाकलेलं सगळंच बिनकामाचं असतं, असंही मी शिकवलंय," ते म्हणत. "त्याचीही आता खात्री वाटत नाही."

आता उपोषणाचे प्रकरण सांगणे भाग आहे, कारण पुढचे सर्व त्यावर उभे आहे.

आमच्या वस्तीकडे जाणाऱ्या रस्त्याची मोरी खचली होती. मी पत्र लिहिले. त्याच्या चौथ्या पानाच्या तळाशी 'सदर मोरी रविवारपर्यंत दुरुस्त न झाल्यास' एवढे शब्द आले आणि पाचव्या पानाच्या माथ्यावर 'मी सोमवारपासून तहसील कचेरीसमोर आमरण उपोषणास बसेन' हे. सरांनी दोन्ही पट्ट्या कापल्या. डकवताना पहिली कुठेतरी गळाली. मी तो डकवलेला कागद समोर ठेवला आणि जन्मभराच्या सवयीने अक्षर न् अक्षर उतरवून काढला. नक्कल करणाऱ्याने मजकुराचा अर्थ लावायचा नसतो. लावला की नक्कल बिघडते. पत्र गेले. शनिवारी मोरी दुरुस्त झाली, तीही चांगली. रविवारी मी स्थळप्रत, म्हणजे माझ्याकडे राहिलेली नक्कल, वाचली आणि मला घाम फुटला. पत्रात अटच नव्हती.

"आता कसलं उपोषण? मोरी झाली की," सर म्हणाले.

"पत्रात तसे नमूद नाही," मी म्हणालो, आणि सोमवारी सकाळच्या एसटीने भोरला जाऊन सतरंजी अंथरली.

कचेरीतून एक अधिकारी बाहेर आले. भले गृहस्थ होते. "आजोबा, मागणी काय आपली?"

"मागणी पूर्ण झाली आहे."

"मग उठा की."

"मागणीशी उपोषणाचा संबंध पत्रात जोडलेला नाही. त्यामुळे ती पूर्ण झाल्याने उठण्याचे कारण उत्पन्न होत नाही."

बंदोबस्ताला आलेला हवालदार डोके खाजवत म्हणाला, "मग उठणार कवा तुमी?"

"तेही नमूद नाही," मी म्हणालो. मी थट्टा करत नव्हतो. मला स्वतःलाच ते भयंकर वाटत होते. ज्या कारणासाठी हे सारे सुरू व्हायचे ते कारणच नष्ट झाले होते, आणि तरीही थांबवण्याचे कलम नसल्यामुळे मी उपाशी बसलो होतो.

दुसऱ्या दिवशी दुपारी सर धापा टाकत आले. गळालेली पट्टी खळीच्या बाटलीच्या बुडाला चिकटलेली सापडली होती. तिच्यासह शुद्धिपत्राचा अर्ज दाखल केला, त्यावर पोच घेतली, आणि मग मी लिंबू-पाण्याला हात लावला. त्या सबंध वर्षात आम्ही त्यावर हसलो. आज मला त्यात हसण्यासारखे काय होते, ते आठवत नाही.

सरांना प्रोस्टेटचा कर्करोग निघाला तेव्हा तो हाडांपर्यंत गेलेला होता. पुण्याच्या डॉक्टरांनी इंजेक्शने आणि गोळ्या सुरू केल्या. पुरुषी हार्मोनवर हा आजार पोसतो, सबब तो हार्मोनच अडवायचा, असा त्या उपचाराचा आशय होता. पीएसए नावाचा रक्तातला आकडा दर तपासणीत खाली येत गेला. सर त्या अहवालांतूनही पत्ते आणि सूचना कापून काढत आणि नुसता आकडा खुंटीला लावत. वर्षभराने तोच आकडा चढू लागला. गोळी एकही चुकलेली नव्हती. डॉक्टर म्हणाले, या गोळ्या बंद करा, आता केमो सुरू करू, आणि एक विशेष रक्ततपासणी बाहेर पाठवू.

मी भडकलो. नियमित घेतलेली गोळी वर्षभर काम करते आणि नंतर करीत नाही, याचा सरळ अर्थ पुढचा माल बनावट आहे. मी औषध कंपनी, विक्रेता आणि संबंधित खाते या तिघांना उद्देशून चौदा पाने लिहिली. उरलेल्या गोळ्या मुद्देमाल म्हणून जप्त केल्या. सरांच्या ओसरीवर पंचनामा केला. पंच म्हणून वहिनी आणि दूध घालायला आलेला गवळी यांच्या सह्या घेतल्या. पाकिटाला लाखेची मोहोर केली. आणि सरांना बजावले की प्रतिपक्षाचे उत्तर येईपर्यंत उपचारात बदल करू नये. दुसरे औषध अंगात गेले की पहिल्याचा दोष सिद्ध करता येणार नाही.

"भावजी," वहिनी म्हणाल्या, "डॉक्टर म्हणत्यात सलाईन लवकर चालू करा. तुमचं कागुद मागनं करा की."

"वहिनी, उपचार बदलला की पुरावा गेला."

"आन् माणूस गेला तर पुरावा काय चाटायचाय?"

मी सरांकडे पाहिले. ते खळीची बाटली हातात फिरवत होते. "राहू दे गं," ते म्हणाले. "येऊ दे त्यांचं उत्तर." मग मला म्हणाले, "पत्र द्या, जरा कमी करतो."

"या पत्राला कात्री नाही," मी म्हणालो. "प्रत्येक शब्द कामाचा आहे." मी चौदाच्या चौदा पाने नोंदणीकृत टपालाने पाठवली आणि स्थळप्रत त्यांच्याकडे ठेवायला दिली.

सात आठवडे गेले. त्या सात आठवड्यांत सर कमरेच्या दुखण्याने काठी वापरू लागले.

मग एकाच आठवड्यात दोन कागद आले. कंपनीने कळवले की सदर गोळ्यांच्या त्याच खेपेतील नमुना पुन्हा तपासला असून तो निर्दोष आहे. आणि रक्ततपासणीचा अहवाल आला. सरांनी मला बोलावून घेतले. त्यांच्यापुढे अहवाल होता, आणि शेजारी माझ्या उपोषणाच्या पत्राची डकवलेली प्रत व तिला टाचलेली ती गळालेली पट्टी.

"भाऊसाहेब, गोळी अस्सल आहे," ते म्हणाले. त्यांच्या डोळ्यांत, मला खोटे लिहिता येत नाही, आनंद होता. "हे बघा. जनुक म्हणजे तुमच्या अभिलेख कक्षातला मूळ दस्त. तो कपाटाबाहेर जात नाही. त्याची आधी एक लांबलचक कच्ची नक्कल निघते, ती आरएनए. पेशीतली कात्री तिच्यातले मधले तुकडे काढते, उरलेले जोडते, आणि जोडलेलं वाचून प्रथिन तयार होतं. आता हार्मोन पकडणारं एक प्रथिन आहे. त्याचा हुकूम असा असतो: हार्मोन येऊन बसला, तर पेशीला वाढायला सांगा. माझ्या पेशीत कात्री भलतीकडे चालली. 'हार्मोन येऊन बसला तर', हा भाग त्या प्रथिनात उतरलाच नाही."

त्यांनी माझ्या पत्रावर बोट ठेवले. "राहिलं काय?"

मी पट्टीवाचूनचे ते वाक्य पुन्हा वाचले.

"गोळी काय करते? हार्मोन येऊ देत नाही. म्हणजे ती बिचारी मोरी दुरुस्त करते."

"मोरी दुरुस्त झाली," मी म्हणालो, "आणि मी तरीही बसलो."

"बसलात! हवालदार विचारत होता, उठणार कधी. पेशीला तेच विचारा. तिच्या कागदात नमूद नाही."

मला घाम फुटला, रविवारी स्थळप्रत वाचताना फुटला होता तसाच. मी विचारले, "मूळ दस्तात खाडाखोड झाली आहे काय?"

"यांच्या तपासणीत तरी ती दिसलेली नाही."

"मग कात्री कोणी चालवली?"

"माझ्याच पेशीनं."

"कोणाच्या आदेशाने?"

"ते अजून कोणाला नीट कळलेलं नाही. शोधतायत."

मी उठून ओसरीवर येरझारा घालू लागलो. दस्त शाबूत, औषध अस्सल, डॉक्टर तत्पर, रुग्ण नियमित. आणि माणूस मरायला टेकलेला. मी आयुष्यभर ज्या कागदांत वावरलो त्यांत अपराध असला की अपराधी असतो, निदान अज्ञात इसम तरी असतो. इथे त्या नावाच्या जागी घालायला काहीही नव्हते. आणि त्याच वेळी दुसरी एक गोष्ट माझ्या लक्षात येत होती. सात आठवडे उपचार थांबले होते, ते एका पत्रामुळे. आणि त्या पत्राखाली सही होती.

"सर, तुम्हाला हे आधी कळले होते काय?" मी विचारले. "गोळी अस्सल आहे, हे?"

त्यांनी चष्मा पुसला. "शंका होती," ते म्हणाले.

"मग थांबलात का?"

"तुम्ही इतकं मन लावून लिहीत होतात," ते म्हणाले, आणि वहिनींना चहा टाकायला सांगितले.

केमो पुढच्या सोमवारी सुरू झाले. तिसऱ्या खेपेनंतर आकडा उतरला, कंबर जरा सैल झाली. सर काठी न घेता फाट्यापर्यंत चालून आले आणि टपरीवरच्या जाहिरातीत कामाचे किती, हे टपरीवाल्याला समजावून गेले. सहाव्या खेपेनंतर आकडा पुन्हा वर निघाला. उन्हाळा संपण्याआधी ते गेले.

मी डॉक्टरांना लिहिले. नेमका प्रश्न विचारला: उपचार सात आठवडे आधी सुरू झाला असता तर फरक पडला असता काय, होय किंवा नाही यांत उत्तर द्यावे. त्यांनी स्वतःच्या हाताने उत्तर पाठवले. लवकर सुरू करणे बरे झाले असते. पण या रुग्णाच्या बाबतीत किती फरक पडला असता, हे प्रामाणिकपणे सांगता येणार नाही. डॉक्टर खोटे बोलले असते तर मला त्यांच्याविरुद्ध लिहिता आले असते. मी ते उत्तर चार वेळा वाचले. कोणत्याही शब्दावर बोट ठेवता येईना.

वहिनींना विचारले, तर त्या म्हणाल्या, "त्यास्नी सलाईनचं लई भ्या वाटायचं, भावजी. तुमचं कागुद निमित्त झालं." दुसऱ्या खेपेला विचारले तेव्हा म्हणाल्या, "तुमचं मन मोडवंना त्यास्नी." तिसऱ्या खेपेला आत जाऊन त्यांनी एक कागद आणून दिला. "तुमच्यासाठी ठिवलाय. दवाखान्यात जायच्या आदल्या दिवशी करत बसले व्हते."

तोच हा टेबलावरचा कागद. माझ्या चौदा पानी पत्राची स्थळप्रत सरांनी कापली होती. पत्राच्या माथ्यावर 'प्रति' या शब्दाखाली त्या तिघांचे पत्ते नाहीत. तिथे 'प्रेषक' खालचे माझे नाव आणि माझा पत्ता आणून डकवला आहे. खाली माझ्याच अक्षरात चार पट्ट्या:

'सदर रुग्णाने औषध नियमित घेतले.'

'तरीही आजार वाढला.'

'यास कोणीही जबाबदार नाही.'

'सबब प्रकरण बंद करावे.'

आणि त्याखाली 'आपला विश्वासू' व माझी सही. सरांचे स्वतःचे एक अक्षरही त्यात नाही.

गळालेल्या तुकड्यांचे पाकीट टाचलेले होते. तिसऱ्या पट्टीचा पुढचा भाग त्यात होता: 'असे म्हणून आपणांस हात झटकता येणार नाहीत.' चौथीचाही होता: 'अशी आपली अपेक्षा असल्यास ती सपशेल फोल आहे.' म्हणजे मी जे लिहिले त्याच्या बरोबर उलट, माझ्याच शब्दांत, माझ्याच सहीने, मलाच पाठवलेले. नक्कल विभागात माझ्यापुढे असा कागद आला असता तर मी तो जागच्या जागी जप्त केला असता. परंतु ते तुकडे सरांनी लपवले नाहीत. ते टाचून माझ्या स्वाधीन केले. बनावट दस्त करणारा माणूस असे करीत नाही. मग हे काय केले त्यांनी? मी हा कागद आवक नोंदवहीत चढवला, क्रमांक दिला, विषय लिहिला. शेऱ्याच्या रकान्यावर येऊन थांबलो आहे.

गेल्या आठवड्यात दमट हवेने चौथी पट्टी सुटून आली. मी गव्हाचे पीठ पाण्यात कालवून मंद आचेवर खळ शिजवली आणि टेबलाशी बसलो. उजव्या हाताला सुटलेली पट्टी, डाव्या हाताला पाकिटातला तिचा गळालेला भाग. दोन्ही माझ्याच अक्षरातले. पूर्ण वाक्य डकवावे की सरांनी ठेवले तेवढेच, याचा मी बराच वेळ विचार केला. बोटाला खळ लावली, पुसली, पुन्हा लावली. शेवटी उजव्या हातातली पट्टी जागेवर दाबून बसवली, आणि डाव्या हातातल्या तुकड्यासाठी वाटीकडे वळलो, तर खळ वाळून गेली होती.